अर्धा तास

शिवाजी पेठेत मोठ्या मॅचच्या दिवशी दुपारी मित्राच्या घरी गेलात आणि मित्र घरात सापडला, तर समजायचं की एकतर त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याचा एटीकेटीचा पेपर आहे. बाकी सगळी पेठ शाहू स्टेडियमवर. होस्टेलवर राहणाऱ्या बाहेरगावच्या मित्रांना पहिल्या वर्षी हे वेड कळत नाही. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच कुठल्या तरी टीमचे होऊन भांडायला लागतात.

त्यांना आणखी एक गोष्ट कळत नाही. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल टीमची नावं कशी? तालीम म्हणजे तर लाल माती, हौदा, जोर-बैठका आणि पैलवान. उत्तर सोपं आहे. कोल्हापुरात पेठेतली पोरं जमायची ती तालमीत. कुस्ती खेळणारी तीच पोरं पुढे फुटबॉल खेळायला लागली, आणि जर्सीवर नाव तालमीचंच राहिलं. त्यामुळे कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आजही कुस्तीची रग आहे. बॉल गेला तरी चालेल, पण माणूस जाता कामा नये, अशा थाटात टॅकल होतो.

माझा एक वर्गमित्र पेठेतला. फॉरवर्ड खेळतो, म्हणजे खेळायचा. एका इंटर-कॉलेज स्पर्धेत तो गोलकडे पाठ करून पास घेत होता, नजर बॉलवर, आणि मागून एकानं दोन्ही पायांनी झोकून दिलं. स्टड गवतात रुतलेले, त्यामुळे पाऊल जागेवर राहिलं आणि अंग फिरलं. मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको, बिजागरीला पीळ दिला की काय होतं. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. मागून केलेला असा धोकादायक टॅकल म्हणजे सरळ रेड कार्ड, हे १९९८ च्या वर्ल्ड कपपासून जगभर पक्कं झालेलं आहे. तिथे शिट्टीसुद्धा वाजली नाही. मैदानावर ना डॉक्टर, ना स्ट्रेचर, ना टीमबरोबर कोणी सर.

त्याच्या गुडघ्याबद्दल वाचता वाचता मी दुसऱ्या एका गुडघ्यापाशी पोचलो. तो खाशाबा जाधवांचा.

मी कॉन्व्हेंटचा. खाशाबा मला फक्त जी.के.च्या क्विझमधलं उत्तर म्हणून पाठ होते: के. डी. जाधव, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. त्या चार शब्दांमागे आपल्याच गावात शिकलेला एक कॉलेजचा मुलगा आहे, हे बऱ्याच उशिरा कळलं. म्हणून हा लेख.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्ती घरातच होती, क्लास लावायची गरज नव्हती. शाळा कराडची, टिळक हायस्कूल. १९४२ च्या चळवळीत या मुलानं भूमिगत कार्यकर्त्यांसाठी निरोप पोचवायची कामं केली. अंगानं ठेंगणा, वजनानं हलका, पण चपळ असा की समोरच्याचा हात आपल्या मानेवर पडायच्या आत हा त्याच्या बगलेत शिरलेला असायचा. पुढे लोक त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायला लागले. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याचं डोकं काखेत पकडायचं आणि कमरेच्या फिरकीवर त्याला उचलून खाली घ्यायचं. डाव दिसायला सोपा आहे, पण मान आणि कंबर दोन्ही शाबूत ठेवून तो करायला वर्षं जातात, आणि तो खाणाऱ्याची मान शाबूत ठेवून करायला त्याहून जास्त.

मॅट्रिकनंतर खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. इथली गंमत ऐका. कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर खेळाच्या सरांनी त्यांची चण बघून नाव घ्यायलाच नकार दिला. एवढासा मुलगा, लागलं-बिगलं तर जबाबदारी कुणाची? मला त्या सरांचा राग येत नाही. सुरक्षिततेचा विचार निदान त्यांनी केला, फक्त चुकीच्या मुलाबाबत केला. खाशाबा गप्प बसले नाहीत. थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या एवढ्याशा मुलानं आपल्यापेक्षा दांडग्या पोरांना एकेक करून लोळवलं. शिवाजी विद्यापीठाच्या ज्या लायब्ररीत आपण एसीत बसून अभ्यास केल्याचं नाटक करतो, तिला याच खर्डेकरांचं नाव आहे.

१९४८ ला लंडनचं ऑलिम्पिक. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा बोटीत बसले. फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोच्या आतला गट. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपली कुस्ती मातीतली. त्या मातीत तेल, हळद, ताक घालून ती मऊ केलेली असते. पाय उघडे, पाऊल मातीत रुततं तसं सरकतंही. कुस्ती निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत. लंडनमध्ये होती मॅट. पायात बूट. घड्याळ लावलेलं. गुण मोजणारे तीन पंच. मातीतल्या पैलवानाला मॅटवर सोडणं म्हणजे खंडोबाच्या फॉरवर्डला बर्फावर फुटबॉल खेळायला लावण्यासारखं आहे. पकड, तोल, पडायची पद्धत, सगळंच वेगळं. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कोचनं लंडनमध्ये त्यांना मॅटची ओळख करून दिली. एवढ्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले. सहावा नंबर. पहिल्याच खेपेला, जवळपास अनोळखी मॅटवर!

पुढची चार वर्षं ते वरच्या गटाची, ५७ किलोची तयारी करत राहिले. पण १९५२ चा प्रवास आखाड्याबाहेरच जास्त अवघड झाला. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध त्यांना एका गुणानं हरलेलं दाखवण्यात आलं. याच दासला त्यांनी आधी हरवलेलं होतं. पंचांनी पक्षपात केला असं खाशाबांचं म्हणणं होतं. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देऊन घरी आला असता. यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती. त्यांनी परत कुस्ती लावली आणि खाशाबांनी दासला खाली घेतलं. मग तिकीट पक्कं झालं, पण तिकिटाचे पैसे? गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी मदत केली, तरी पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. आपल्या कॉलेजमध्ये टीमला टी-शर्टचे पैसे मंजूर व्हायला किती सह्या लागतात ते जिमखान्याच्या पोरांना विचारा, म्हणजे या रकमेचं वजन कळेल.

आता हेलसिंकी.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी सरळ नॉकआऊटची नव्हती. हरलं की, किंवा काठावर जिंकलं तरी, खात्यावर वाईट गुण जमा व्हायचे, आणि ठरावीक गुण साठले की पैलवान बाहेर. शेवटी उरतील ते पदकांसाठी आपापसात भिडायचे. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवलं. मातीतला मुलगा ऑलिम्पिकच्या पदकाच्या दारात उभा होता. तिथे त्याला दोन नावं भेटली: जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मामेदबेयोव. इशीनं पुढे सुवर्णपदक घेतलं, त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकुलतं एक. मामेदबेयोवनं रौप्य. म्हणजे खाशाबा हरले ते फक्त पहिल्या दोघांकडून.

पण कसे हरले, तिथे माझा लेख अडकतो.

शेवटच्या टप्प्यात एक लांबलेली, दमवून टाकणारी कुस्ती संपवून खाशाबा मॅटवरून उतरले आणि त्यांना लगेच मामेदबेयोवशी लढायला बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायलाच हवी होती. नियम पुस्तकात छापलेला होता. तो अंमलात आणायला कुणीतरी पंचांच्या टेबलापाशी जाऊन बोट ठेवून दाखवायला हवं होतं. भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले.

हा अर्धा तास कशासाठी असतो? आपण मशीन डिझाइनमध्ये फटीग शिकतो. पोलादाच्या दांड्यावर पुन्हा पुन्हा लोड दिला की तो एक दिवस तुटतो, मध्ये त्याला आराम देऊन फारसा फायदा नसतो. शरीराचं तसं नाही. शरीर आराम दिला की भरून येतं. पंधरा मिनिटांपर्यंत चालणारी एक कुस्ती संपवून उतरलेल्या पैलवानाची मूठ नीट वळत नाही, दंड भरून आलेले असतात, श्वास जागेवर नसतो. कुस्तीत पकड गेली की निम्मी कुस्ती गेली. आणि दमलेला माणूस नुसता हरत नाही, तो वेडावाकडा पडतो. ज्या डावातून एरवी तो मान चोरून सुटला असता, त्यातच त्याची मान अडकते. म्हणून ती विश्रांती खेळाडूचे लाड करायला दिलेली नसते. समोरच्याला धरून आपटणं हाच ज्याचा गाभा आहे, तो खेळ खेळ राहावा म्हणून ती दिलेली असते.

होस्टेलवर रात्री अमेरिकन फुटबॉलच्या क्लिप बघणारी एक गँग आहे. हेल्मेट घातलेला रिसीव्हर हवेत उडी मारून पास झेलतो, डोळे वर बॉलवर, बरगड्या उघड्या, आणि तेवढ्यात दुसरा बैलासारखा येऊन त्याला उडवतो. क्लिप बघताना आपण ओरडतो. पण त्या रिसीव्हरची जागा कशी तयार झाली ते वाचण्यासारखं आहे. १९०५ च्या एका हंगामात तिकडे मैदानावर डझनाहून जास्त पोरं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षी मोठ्या कॉलेजच्या लोकांना बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. १९०६ ला बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळे एकाच ढिगात चेंगरायच्या ऐवजी मैदानभर पसरतील. पास झेलणाऱ्याचं आजचं काम त्यातून आलं. मग लोक त्या झेलणाऱ्यालाच तोडायला लागले! १९७६ ला डोकं पुढे करून धडक मारण्यावर बंदी आली. स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर मारलेल्या धडकेसाठी २००८ ला कॉलेज फुटबॉलमध्ये स्वतंत्र नियम झाला आणि २०१३ पासून असं करणाऱ्याला मैदानाबाहेर काढायला लागले. तिकडे प्रत्येक नियमामागे कोणाचं तरी हाड आहे. फरक एवढाच की तिथे तो नियम लावायला मैदानावर पंचांची अख्खी टोळी असते, आणि बाजूच्या लाइनवर टीमचा डॉक्टर.

हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूला लाइनवर कोणीच नव्हतं.

तरीही २३ जुलै १९५२ ला ब्राँझपदक त्यांच्या गळ्यात पडलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, हॉकी टीमनं नेदरलँड्सला ६-१ नं हरवून सुवर्ण घेतलं, त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंगचे. देशाचं लक्ष साहजिकच तिकडे गेलं. आपल्या कोल्हापूरचे केशव माणगावेसुद्धा त्याच स्पर्धेत वरच्या वजनगटात लढत होते. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं, त्यामुळे त्यांचं नाव क्विझमध्येसुद्धा येत नाही.

खाशाबा परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या रस्त्याला सात तास लागले. ती दृश्यं कोणी शूट केली असती तर आज यूट्यूबवर बघता आली असती. मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः त्यांत लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. मला पदकापेक्षा हा भाग जास्त आवडतो.

१९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवलं, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू ठेवली. वय तीस. अनुभव दोन ऑलिम्पिकचा, मॅटची भीती कधीच मोडलेली. या वेळी पदकाचा रंग बदलेल असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. आणि सरावात गुडघा गेला. दुखापत गंभीर होती. मेलबर्न हुकलं ते हुकलंच.

माझ्या मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दोन-तीन बारीक छिद्रं, दुसऱ्याच भागातली शीर काढून लिगामेंटच्या जागी बसवली, मग फिजिओथेरपीचे कंटाळवाणे महिने. डॉक्टरांनी नऊ महिन्यांनंतर बघू म्हणून सांगितलंय. १९५६ मध्ये यातलं काहीच नव्हतं. दुर्बिणीचं हे तंत्र रुळायला अजून काही दशकं जायची होती. गुडघा सुजला की शेक, लेप, पट्टा आणि विश्रांती. पैलवानाचा गुडघा एकदा ढिला पडला की वाकून आत शिरता येत नाही, आणि ज्या माणसाची सगळी कुस्तीच आत शिरण्यावर उभी होती त्याला तेवढं पुरेसं होतं. तिसाव्या वर्षी त्यांचं ऑलिम्पिक संपलं. त्यांच्या सोबतीला तेव्हा पगारी ट्रेनर नव्हता, मसाजवाला नव्हता, विमा नव्हता. नोकरी सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर सराव चालला होता.

पोलीस खात्यात त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षं काढली आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. ऑलिम्पिक पदकविजेत्या या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. पुन्हा तेच. नियम होता, कागद होता, टेबलापाशी बोट ठेवून दाखवणारं कुणी नव्हतं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८.

त्यांच्यानंतरचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक भारताला मिळालं १९९६ मध्ये, लिएंडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं. कुस्तीत तर सुशील कुमारपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, ५६ वर्षं थांबावं लागलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदकासाठी २०२४ उजाडलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलं. ७२ वर्षांनी, पुन्हा कोल्हापूरच्याच वाटेनं. त्या पोराबरोबर कोच होते, फिजिओ होते, हे वाचून बरं वाटलं.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर पंधराहून जास्त वर्षं लागली. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गूगलच्या पानावर त्यांचं चित्र आलं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांनी त्यावर क्लिक केलं आणि उरलेल्या निम्म्यांनी हे कोण म्हणून विचारलं. महाराष्ट्र सरकारनं आता हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवलाय. क्रीडा दिनाला आपल्याकडे भाषणं होतात, हार घातले जातात, मग टीम मैदानावर उतरते. जिमखान्याच्या सेक्रेटरीला माझी एवढीच विनंती आहे की यंदा हाराच्या पैशातून बर्फाची पेटी, क्रेप बँडेज आणि एक स्ट्रेचर घ्यावं, आणि प्रत्येक मॅचला एक सर असे पाठवावेत ज्यांनी नियमांचं पुस्तक वाचलेलं आहे.

गोळेश्वरला खाशाबांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास आहे. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी कोणतीही एसटी पकडायची आणि कराडला उतरायचं. तिथून गाव अगदी जवळ आहे. बैलगाडीच्या मिरवणुकीतून गेला नाहीत, तर फार वेळ लागणार नाही.